फक्त फिल्टरच तर बदलायचाय

डिझेलची नळी गळायला लागली तर माणसाने स्वतःला नशीबवान समजावं. गळती दिसते, वास येतो, खाली ओला डाग पडतो, बोट कुठे ठेवायचं ते कळतं. आमच्या जुन्या ट्रकची नळी गळत नव्हती, हवा ओढत होती, आणि हे कळेपर्यंत ट्रकच्या जवळपास प्रत्येक पार्टवर आळ घेऊन झाला होता.

लक्षणं अशी की रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी रडकुंडीला यायची तेव्हा कुठे साहेब खोकत खोकत चालू व्हायचे, मग दिवसभर बरे, आणि नेमकं चढावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, दम टाकायचे. बाजूला घेऊन थोडं थांबलं, जरा खटपट केली की पुन्हा चालू, आपण काही केलंच नाही अशा थाटात. असल्या आजारात सल्ला देणाऱ्यांची चंगळ असते. शेजारचे काका म्हणाले नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं, ती गेली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पंप गेलाय, लिहून घ्या." एकाने थेट इंजिन उतरवायला सांगितलं. आणि एकजण असतोच जो लांबूनच बघून म्हणतो विकून टाका, हा माणूस टायर पंक्चर असला तरी हेच म्हणतो, त्याच्याशी वाद घालू नये. सगळे वाकून खाली बघायचे, जमीन कोरडी ठणठणीत, की निकाल एकमताने पास: नळीला काही झालेलं नाही.

आता गंमत बघा. टाकी मागे, इंजिन पुढे, आणि मधल्या अख्ख्या अंतरातून डिझेल ओढून आणायचं काम फीड पंपाचं. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची नळी कायम चोखली जात असते. तिला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. गाडी बंद केली की त्याच भोकातून हवा शिरत राहते, नळीतलं डिझेल निवांत टाकीत परत जातं, आणि सकाळी पंपाच्या वाट्याला येते रिकामी नळी. जमीन कोरडी ती कोरडीच.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने काही न बोलता मध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि सेल्फ मारायला लावला. त्या नळीतून शाळा सुटल्यासारखे बुडबुडे पळत सुटले. नोझलवाले काका शांत झाले, पंपवाला मेव्हणा म्हणाला मला वाटतच होतं. मिस्त्री म्हणाला, "एअर घेतोय. फिल्टर बदला. नळी पण बघा." यातलं नळीचं वाक्य त्याने हात पुसता पुसता, निघताना टाकलं. ग्यानबाची मेख तिथेच होती, पण आम्ही फक्त फिल्टर हा शब्द ऐकला आणि खूश झालो, कारण फिल्टर काय, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

कागदावर ते काम आहेही सोपं. जुना फिरवून काढा, नव्याच्या रबरी रिंगला डिझेलचा हात लावा, हाताने आवळा, चला जेवायला. पण आमच्या ट्रकचा पहिला फिल्टर, म्हणजे तो पाणी वेगळं करणारा, खाली वाटी असलेला, तो ज्या कोणा इंजिनीअरने डिझाइन केला त्याने चेसिसच्या बाहेरच्या अंगाला, पुढच्या चाकाच्या बरोब्बर मागे बसवलाय. चाकाने उडवलेला चिखल, खडी, पाणी, सगळं पहिल्यांदा त्याच्या अंगावर. डिझेलमधली घाण पकडायची ड्यूटी आणि राहायची सोय घाणीत! डिझेलपेक्षा पाणी जड असल्यामुळे ते त्या वाटीच्या तळाशी बसतं आणि खालचा नॉब उघडून अधूनमधून सोडून द्यायचं असतं. आमच्या ट्रकच्या आधीच्या मालकांचा या नॉबशी परिचय झाल्याचं काही दिसलं नाही.

पट्ट्याचा पाना लावला तर फिल्टर फिरायच्या ऐवजी चेपला. मग मेव्हण्याने तो जगप्रसिद्ध उपाय काढला, स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकायचा आणि त्याला धरून फिरवायचं. मी नको म्हणत होतो हे इथे नोंदवून ठेवतो. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, गंजका पत्रा टर्रकन फाटला, आत साठलेलं डिझेल मेव्हण्याच्या मनगटावर आलं, तिथून कोपरावर, आणि तो खाली उताणा झोपलेला असल्यामुळे तिथून पुढे काखेत. डिझेल काखेत गेल्यावर माणूस जो आवाज काढतो तो लिहायची सोय देवनागरीत नाही. फिल्टर अर्धा हातात आला, वरची चकती जागच्या जागी. ती मग छिन्नी तिरकी धरून, कडेकडेने, टक टक टक करत फिरवावी लागली, आणि ती सुटली तेव्हा दोघांनी जो जल्लोष केला तो ऐकून काका परत आले.

इथे खरं तर काम संपायला हवं होतं. पण नवा फिल्टर लावायच्या आधी मी त्या हेडला, म्हणजे फिल्टर ज्याच्यावर बसतो त्या भागाला, आलेल्या नळीच्या नटवर नुसता पाना ठेवून बघितला, सैल तर नाही ना म्हणून. सैल? तो नट म्हणजे तपकिरी रंगाचा एक गोळा होता. साधा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, त्यामुळे अशा नटाचे कोपरे पहिल्याच झटक्यात जातात. नळीच्या अशा नटाला फ्लेअर नट म्हणतात आणि त्याचा पाना वेगळा मिळतो, रिंग पान्यासारखाच पण नळीवरून सरकावता यावा म्हणून एका बाजूला खाच ठेवलेला. तो आणला. गंज सोडवायचं तेल मारलं, रात्रभर मुरू दिलं. काकांनी घरून डब्ल्यूडी-४० चा डबा आणून दिला आणि बरोबर त्याची कथाही, की हे १९५३ साली अमेरिकेत अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून बनवलं, चाळिसाव्या फॉर्म्युल्याला जमलं म्हणून नावात चाळीस. कथा खरी आहे. पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं, त्याच्याकडून जुन्या ट्रकचा नट सोडवायची अपेक्षा ठेवणं हाच अन्याय, त्यापेक्षा क्षेपणास्त्र सोपं.

सकाळी नट फिरला! अगदी अलगद, लोण्यातून गेल्यागत. मेव्हणा म्हणाला, "दाजी, थांबा थांबा, नळी पण फिरतेय."

हा जो क्षण आहे ना, तो ज्यांनी भोगलाय त्यांनाच कळेल. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे नट आणि नळीच्या मधली फट गंजाने गच्च भरते आणि दोघं कायमचे एक होतात. कंपनी ज्यांना सुटे भाग म्हणून विकते ते जुन्या ट्रकमध्ये सुटे नसतातच, फिल्टर नटला धरून, नट नळीला, नळी क्लॅम्पला, क्लॅम्प चेसिसला, एकत्र कुटुंब. एकाला हात लावला की सगळे उठून येतात. तर ती नळी नटाबरोबर पिळली गेली, पिळली गेली, आणि खट्ट.

दरम्यान मेव्हणा गॅसची टॉर्च घेऊन आला होता, नट तापवू म्हणाला, डिझेल काय पेट्रोलसारखं भडकत नाही. बरोबरच आहे, पेट्रोलची वाफ उणे ४० डिग्रीलाही पेट घेऊ शकते, डिझेलला साधारण ५० च्या वर तापवावं लागतं. पण टॉर्चने नट ५० डिग्रीवर थांबत नाही आणि पलीकडे अर्धी रिकामी टाकी, म्हणजे वाफ आणि हवा दोन्ही हजर. टॉर्च जिथून आली तिथे परत गेली. नाहीतरी आता तापवायला उरलं काय होतं.

मग आडवे पडून नळीचा माग काढत मागे सरकलो. उघड्यावर होती तिथे नळी बरी होती हो, नुसती तांबूस. खरा घात क्लॅम्पच्या आत. क्लॅम्पच्या रबरामागे चिखल अडकतो, तो ओला राहतो, महिनोन् महिने वाळत नाही, आणि नळी तिथे आतल्या आत खाल्ली जाते. मधला क्लॅम्प उघडला तर नखाने पापुद्रे निघायला लागले, एक, दोन, आणि तिसऱ्याखाली भोक. एवढंस्सं. आजूबाजूचा गंज ओलसर, काळपट, थेंब मात्र एक नाही. याच्यापायी नोझल, पंप आणि इंजिन यांची बदनामी झाली होती. मी ते भोक काकांना दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "तरी नोझल चेक करून घे."

नळी काढणं म्हणजे काय तर तुकडे करणं. कारखान्यात ही नळी उघड्या चेसिसवर बसवतात आणि मग तिच्या डोक्यावर केबिन, मागची बॉडी, वायरिंग असा सगळा संसार मांडतात. म्हणजे अख्खी नळी एका तुकड्यात परत तशीच घालायची तर आधी ट्रक जन्माला यायच्या टप्प्यापर्यंत उलगडावा लागेल. आम्ही दोन तुकड्यात घालायचं ठरवलं, मध्ये डिझेलच्या रबरी होजचा छोटा जॉइंट, चांगल्या क्लिपा लावून. आता यावर परत सल्ले. काका म्हणाले तांब्याची टाक, जन्मात गंजणार नाही. तांबं तसं गंजत नाही पण डिझेल मात्र तांब्याच्या संगतीत लवकर बिघडतं, चिकट होतं, आणि तो चिकटपणा पुढे फिल्टरच्या आणि पंपाच्या नशिबी. सगळीच रबरी टाका असंही आलं, पण ओढणाऱ्या बाजूला मऊ रबर आतल्या आत चेपलं की पुन्हा तीच सकाळ, तोच सेल्फ. शेवटी कोटिंगवाली स्टीलची नळी, थोडी जाड, मान खाली घालून घेतली.

जुनी नळी मापाला ठेवावी तर ती बादलीत होती. म्हणून जाड तारेला त्या वाटेने वळवून साचा केला, आणि तारेप्रमाणे नळी बेंडरवर वाकवली. गुडघ्यावर वाकवायची नाही, चपटी होते, मेव्हण्याचा गुडघा मी वेळेत अडवला. टोकाला फ्लेअर करताना एक नियम जगभर आहे, आधी नट नळीत ओवायचा, मग टोक पसरवायचं. उलटं केलं तर नट बाहेर आणि सुंदर फ्लेअर केलेली नळी हातात, परत कापा. मेव्हण्याने हा नियम कुठेतरी वाचला होता आणि त्यानंतर दर मिनिटाला, मी नुसता पाणी प्यायला उठलो तरी, "दाजी, नट घातला का?" रात्री जेवताना पण विचारलं.

नळी बसली. नवे क्लॅम्प, नवे तांब्याचे वॉशर (जुने परत घातले की परत एअर, इथे काटकसर नाही चालत), फिल्टर. नवा फिल्टर डिझेलने आधी भरून घ्यावा की नाही यावर मिस्त्री लोकांत दोन पंथ आहेत. माझं मत सांगतो, मधल्या भोकातून भरू नका. मधलं भोक म्हणजे गाळून झालेली बाजू, तिथे ओतलेलं डिझेल न गाळता थेट इंजेक्शन पंपात, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपात जातं, आणि त्या पंपाच्या प्लंजरची, म्हणजे आतल्या दट्ट्याची, फट काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाचा केस तिथे ओंडका. बॉशने १९२७ साली असे पंप कारखान्यातून काढायला सुरुवात केली, तेव्हापासून डिझेलवाल्याला घाणीची भीती बाळगल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून आम्ही सरळ मार्गाने, हात पंप मारत बसलो.

एअर काढणं. ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा बाहेर सोडायचा स्क्रू, थोडा सैल करायचा, हात पंप दाबायचा, फेस येतो, फुस्स, परत फेस. बराच वेळ काहीच होत नाही आणि आपण एका निर्जीव रबराच्या गोळ्याला अंगठ्याने दाबत बसलोय हे लोक बघत असतात. मग फेसाचे बुडबुडे होतात, बुडबुड्यांचं सलग डिझेल, मग स्क्रू आवळायचा. तरी चालू होईना तेव्हा नोझलच्या नळ्यांचे नट जरासे सैल केले आणि मेव्हण्याला थोडा थोडा सेल्फ मारायला सांगितला, मध्ये दम खात, नाहीतर सेल्फ जळतो. तिथे हात दूर ठेवायचा बरं का, त्या नळीत दाब शेकडो बारचा असतो, बारीक फवारा कातडी फोडून आत जातो. एकेक नट पचपचला, आवळला. इंजिन एका सिलिंडरवर धडधडलं, मग दोनावर, मग सगळे एकदम, पांढऱ्या धुराचा एक लोट थेट काकांच्या दिशेने. पारदर्शक नळी अजून लावलेलीच होती. बुडबुडा एक नाही. काकांनी खोकत खोकत कबूल केलं की नोझल ठीक असावेत.

जुना फिल्टर फेकवेना. तो निथळून, वाळवून, पाइप कटरने सावकाश उघडला, ग्राइंडर नाही, ठिणगी नको. आत कागदाच्या घड्या, काळ्याकुट्ट, आणि त्यावर बुळबुळीत थर. मी तो आत नेऊन टेबलावर, जुन्या पेपरवर, नीट उलगडून ठेवला आणि बायकोला बोलावून समजावायला लागलो की बघ, डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना भेटतात ना तिथे बॅक्टेरिया, बुरशी असलं वाढतं, ते डिझेलवरच जगतं, हा चिकट थर बहुतेक त्याचाच, म्हणजे एका अर्थी हे जिवंत आहे.

"जिवंत आहे ना," ती म्हणाली, "मग चालत बाहेर जाईल. नाहीतर तुम्ही न्या. आणि तो मेव्हणा कुठे बसलाय बघा, सोफ्यावर असेल तर त्याला पण."