टायटल, टायटल, टायटल! जुनी जेट स्की (पाण्यावरची स्कूटर) विकायला काढली, तर गिऱ्हाईक टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, मागतंय.
अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्यात बोटीला टायटल नसतंच हो! माझं हरवलेलं नाही, बँकेकडे अडकलेलं नाही, राज्य देतच नाही. आणि जेट स्कीही सरकारच्या लेखी बोटच. इथे असतं रजिस्ट्रेशन, आणि विकताना बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची पावती. बस्स.

पण फ्लोरिडाहून माझ्या जुन्या जेट स्कीसाठी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. तिकडे टायटल लागतं, मान्य. पण टायटल न देणाऱ्या राज्यातली बोट असेल तर तिथल्या रजिस्ट्रेशनवर आणि बिल ऑफ सेलवर काम होतं, एवढं सांगितलं की समोरचा असा गप्प होतो, जणू मी चोरीची म्हैस बाजारात आणलीय. अरे बाबा, मागे हलवर, म्हणजे बोटीच्या मुख्य सांगाड्यावर, १२ अक्षर-आकड्यांचा नंबर आहे, तो रजिस्ट्रेशनशी ताडून बघ की! छे. दोन मिनिटांनी मेसेज येतो: "पेपर नाहीत ना, मग अर्ध्या किमतीत देता?"

अस्सं! म्हणजे काळजी कागदांची नव्हतीच. इंजिन किती तास चाललंय, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किती येतं, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.