कमिशन झिरो, खिसा बी झिरो

राजेहो, ज्या दुकानावर 'झिरो कमिशन' अशी पाटी दिसली, तिथून चप्पल हातात घेऊन पळत सुटा. कमिशन घेणारा एकवेळ परवडला, तो निदान सांगून घेतो. हे विदेशी नोटा बदलणारे खुर्ची देतात, पाणी विचारतात, 'काका काका' करतात आणि असं कापतात की पावतीवर त्याचा मागमूस राहत नाही.

आमचं कृषी केंद्र आर्णी तालुक्यात. कपाशीच्या बियाण्याचं टार्गेट गाठलं की कंपनी डीलरले बँकॉकले नेते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. विमान कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, नाश्ता कंपनीचा. खिशातले पैसे तेवढे आपले. अन् त्याच पैशानं माझं डोकं असं फिरवलं की अजून जाग्यावर आलं नाही.

सुरुवात गावापासूनच. तालुक्याच्या बँकेत विचारलं, थायलंडचे पैसे भेटतील का? साहेबानं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी किडनी मागितली. "इथं नाही होत, नागपूरले जा." म्हणजे यवतमाळ, कळंब, वर्धा करत नागपूर गाठा, पॅन कार्ड दाखवा, पासपोर्ट दाखवा, तिकीट दाखवा. ठीक आहे, नियम आहे, दाखवलं. मग नोटा बदलायच्या दुकानातला पोरगा म्हणतो, "काका, थायलंडचे बाट शिल्लक नाहीत, डॉलर घेऊन जा, तिकडं कुठंही बदलून मिळतात." अरे बाप्पा, म्हणजे रुपयाचे डॉलर करताना एकदा कापणार आणि डॉलरचे बाट करताना दुसऱ्यांदा! फोनवर डॉलरचा भाव दाखवला तर म्हणे, "तो बँकाबँकांचा भाव आहे, काका. पब्लिकले तो नसते." मग पब्लिकचा भाव कोण ठरवते? तूच. आणि मधला फरक कोणाच्या खिशात जाते? तुझ्याच. पाटीवर मात्र झिरो कमिशन.

आमच्याकडं जिनिंगवर कापसाची गाडी लावली की व्यापारी ओलाव्याच्या नावानं कटती कापतो, आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण तो तोंडावर सांगतो, 'क्विंटलमागं इतके किलो गेले'. पटलं तर द्या, नाहीतर गाडी वळवा. इथं काटाही त्याचा, मापही त्याचं, आणि वर म्हणतो आम्ही काहीच घेत नाही.

जीएसटीचा मला राग नाही, खरं सांगतो. एक लाखापर्यंत बदलले तर रकमेच्या 1 टक्क्यावर 18 टक्के, आणि तो 1 टक्का 250 रुपयांच्या खाली गेला तरी 250 च धरायचे. म्हणजे पाच हजाराचे डॉलर घ्या की दहा हजाराचे, 45 रुपये गेलेच. पण तो पावतीवर छापून येतो. सरकार घेते ते दिसते तरी.

आता खरी मजा ऐका. त्या पोरानं मला वीस-वीसच्या, दहा-दहाच्या नोटा दिल्या. "छोट्या नोटा सोयीच्या पडतात, काका." काय सोयीच्या! बँकॉकमध्ये नोटा बदलणाऱ्याच्या फळ्यावर डॉलरच्या तीन-तीन ओळी असतात. शंभराच्या नोटेला वरचा भाव, वीस-दहाला त्याच्या खालचा, एक-दोनच्या नोटेला सगळ्यात पडेल. डॉलर तोच, अमेरिका तीच, पण नोट लहान म्हणून भाव कमी. आणि एका नोटेच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा बारका ठसा होता, तर काउंटरवरच्या बाईनं ती दोन बोटांत धरून परत सरकवली. आमच्या दुकानात लोक पाचशेची नोट घामानं भिजलेली, हळदीनं पिवळी झालेली देतात, आम्ही घेतो. इथं शाईचा एक ठिपका चालत नाही. हे त्या नागपूरवाल्याला माहीत नसेल का? रोज तेच करतो तो! त्याला त्या नोटा खपवायच्या होत्या, अन् समोर मी बसलो होतो.

बँकॉकच्या विमानतळावर बाहेर निघता निघता जे काउंटर लागतात, तिथला भाव पाहून आमच्यातल्या एकानं थेट हिशोब मांडला आणि गप्प झाला. तिथंच, त्याच इमारतीत, खाली तळघरात शहराच्या रेल्वेचं स्टेशन आहे, आणि त्या दाराशी जी दुकानं आहेत त्यांचा भाव वरच्यापेक्षा चांगला. आमच्या सोबतच्या गाईडला हे ठाऊक नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण बस लागली आहे, चला चला, इथंच बदला, उशीर होतो. सगळे डीलर मेंढरासारखे रांगेत. मी ओरडलो तर आमचाच एक भाऊ म्हणतो, "जाऊ द्या ना, फिरायले आलो आपण, कायले हिशोब करता?" हिशोब नाही करायचा तर कृषी केंद्र कायले उघडलं बापा, मंदिर उघडायचं होतं!

एटीएमची कथा तर सांगूच नये. पैसे कमी पडले म्हणून कार्ड घातलं तर कार्ड बंद. का? तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 2020 पासून नवीन कार्ड निघतानाच परदेशासाठी बंद असते, आपण चालू करायचं. करतो ना! पण ॲपनं ओटीपी पाठवला तो सिमवर, आणि सिमला रोमिंग नाही. कार्ड सुरू करायला ओटीपी, ओटीपी यायला रोमिंग, रोमिंग घ्यायला पैसे, आणि पैसे कुठं? कार्डात. चालला गोल गोल घाण्याचा बैल. कार्ड देताना बँकेतल्या एकाही माणसानं हे सांगितलं नाही, मात्र विम्याची पॉलिसी गळ्यात मारायला तिघं उभे होते.

शेवटी सोबतच्या एकाचं कार्ड चाललं. मशीननं आधी सांगितलं, 220 बाट आमची फी. तेव्हाच्या भावानं अडीच रुपयांचा एक बाट धरा, साडेपाचशे रुपये. आमच्याकडं बाई दिवसभर उन्हात निंदण करते तेव्हा तिला दोन दिवसांत इतके हाती येतात, अन् इथं मशीनच्या तोंडातून नोटा बाहेर काढायचे तेवढे! थोडे काढा की जास्त, फी तेवढीच. त्यावर मशीन लाडानं विचारते, तुमच्या खात्यातून किती रुपये जातील ते आम्हीच ठरवून दाखवू का? दाबू नका राजेहो, 'हो' दाबू नका! त्यात भाव त्यांचा असतो आणि तो महाग असतो. नकाराचं बटन दाबलं तरी पैसे निघतात, मग रूपांतर आपली बँक करते. आता आपली बँक तरी कुठं साधूसंत आहे. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे भावावर चढवलेले जास्तीचे पैसे, त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी, आणि काही कार्डांवर परदेशात पैसे काढल्याची फी वेगळी. दोन्हीकडून कापले जाणारे आपणच.

आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू? फळं विकणाऱ्या बाईच्या गाड्यावर क्यूआर लटकलेला. आमच्या पानठेल्यावर असतो तसाच. मी खुशीत फोन काढला, तर तो त्यांच्या प्रॉम्प्टपेचा, म्हणजे तिकडच्या यूपीआयचा, माझ्या ॲपनं ओळखलाच नाही. सिंगापुरात, दुबईत काही ठिकाणी आपलं यूपीआय चालते म्हणतात. माझ्या नशिबी नेमकं ते ठिकाण नव्हतं. चिल्लर मोजत बसलो. सतांगची, म्हणजे त्यांच्या पैशांची, पिटुकली नाणी, बाटची नाणी, सगळा खुळखुळा.

परत आल्यावर तेच नागपूर, तेच दुकान. उरलेले बाट काढले तर तो पोरगा म्हणतो, "काका, नोटांचं पाहतो, नाणी कोणी घेत नाही." नोटांचं त्यानं पाहिलं ते असं, की विकतानाचा भाव एक आणि घेतानाचा भाव त्याच्या कितीतरी खाली. शाईवाला डॉलर दाखवला, म्हटलं तूच दिला होता. "आमचाच कशावरून?" ऐका! कायद्यानं म्हणे 2000 डॉलरपर्यंतच्या विदेशी नोटा घरी ठेवता येतात. ठेवल्या. खताच्या पावत्यांच्या डब्यात पडून आहेत, पोरगा नाण्यांनी खेळते.

आता कंपनीचा प्रतिनिधी पुन्हा येऊन बसला. पुढच्या हंगामात दुबई म्हणे. तिथलं तर आणखी न्यारं. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 वर बांधून ठेवलेला आहे, भाव हालतच नाही, तरी काउंटरवर तेवढे हातात पडत नाहीत. न हालणाऱ्या भावातूनही हे लोक काढतात म्हणजे काय हिंमत पहा! मी त्याला म्हटलं, साहेब, टूर राहू द्या, जेवढा खर्च तुम्ही माझ्यावर करणार तेवढ्याची क्रेडिट नोट काढा, म्हणजे माझ्या बिलातून तेवढे वजा करा. तो हसून म्हणाला, "काढतो ना भाऊ, स्कीम सेटल झाली की." ती कधी सेटल होते, कोणत्याही कृषी केंद्रवाल्याले विचारा.