एकांड्या शिलेदाराची कैफियत

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. नाशिकच्या गंगापूर रोडवरची वर्दळ ओसरली आहे, आई निजली आहे, उद्याच्या उसळीची मटकी फडक्यात बांधून ठेवलेली आहे, आणि मी संगणकावरच्या ऑनलाइन खेळातल्या एका जादूच्या अरण्यात, पाठीला माझ्याच उंचीची तलवार लावून, निळी फुले खुडत फिरतो आहे. गावच्या वैद्याला अशी वीस फुले हवी आहेत आणि माझी सतरा झाली आहेत. एवढ्यात पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवते : अमुक योद्ध्याने आपल्याला त्याच्या पार्टीत, म्हणजे बरोबर लढायच्या टोळीत, बोलावले आहे, स्वीकार की नकार?

सराफ बाजारात समोरून लांबचे नातेवाईक येताना दिसले की छातीत जे होते, नेमके तेच त्या क्षणी माझ्या छातीत होते. सराफ बाजारात निदान शेजारच्या भांड्यांच्या दुकानात शिरून पातेल्याचा भाव विचारता येतो. अरण्यात ती सोय नसल्यामुळे मी एका वडाएवढ्या झाडामागे जाऊन उभा राहिलो. माझ्या डोक्यावर माझे नाव हिरव्या ठळक अक्षरांत तरंगत असते आणि ते झाडाच्या वरूनही दिसते, ही गोष्ट मला तीन मिनिटांनी लक्षात आली. तो योद्धा तोवर तिथेच उभा होता. शेवटी त्याने एकच प्रश्नचिन्ह टाइप केले आणि तो निघून गेला. अठरावे फूल तोच घेऊन गेला होता, हे मागाहून कळले.

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. दिवसभर माझ्या खिडकीशी कोणी ना कोणी उभे असते. कोणाला बेअरिंग हवे असते, कोणाला हातमोजे, आणि कोणाला केवळ काल मिळालेले हातमोजे कसे निकृष्ट होते हे सांगायचे असते. संध्याकाळी घरी आलो की सोसायटीची पाण्याची टाकी, लिफ्टचा खर्च आणि पार्किंगमध्ये कोणाची गाडी कोणाच्या रेघेवर आली हे विषय जिन्यातच गाठतात. अशा माणसाने रात्री दोन तास एकट्याने तलवार चालवावी म्हटले, तर त्यात गैर काय? पण माझ्या अकरावीतल्या मुलीने एकदा सहज विचारलेला प्रश्न मला आजही बोचतो आहे. ती म्हणाली, "बाबा, एकट्यानेच खेळायचं असतं तर तू ऑनलाइन कशाला खेळतोस? एकट्याने खेळायचे ढीगभर गेम आहेत की."

प्रश्न रास्त होता, म्हणून मी तसा एक गेम विकतही घेतला. चित्रे देखणी होती, नगर भव्य होते, आणि चौथ्या दिवशी मला त्या नगरात कसेसेच होऊ लागले. लग्न उरकल्यावर दुसऱ्या दिवशी राहिलेले भांडे आणायला मंगल कार्यालयात गेल्यावर जसे वाटते, तसे. खुर्च्या आहेत, झालरी आहेत, माणूस नाही. पाचव्या दिवशी मी मुकाट्याने माझ्या गजबजलेल्या सर्व्हरवर परतलो, जिथे चौकात दीडशे माणसे उगाच उड्या मारत असतात, कोणीतरी सोन्याच्या ड्रॅगनवर बसून दिमाख दाखवत असतो, आणि कोणीतरी मोठ्याने ओरडून ढाल विकत असतो. मला ढाल नको होती. पण ती विकली जात होती, याचे बरे वाटले.

खरे तर या खेळांची कुळकथाच मुळी संगतीची आहे. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचा जो पहिला खेळ रचला, त्यात चित्र एकही नव्हते, केवळ अक्षरे होती. पण एकाच काल्पनिक जगात अनेकांनी एकाच वेळी वावरायचे, ही मेख त्यात तेव्हापासूनच होती. 1997 चा अल्टिमा ऑनलाइन आणि 1999 चा एव्हरक्वेस्ट यांनी त्या जगाला रूप दिले. एव्हरक्वेस्टमध्ये वरच्या लेव्हलला पोचलेल्या बहुतेक खेळाडूंना सोबतीशिवाय साधा राक्षसही आवरत नसे. 2004 मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने मात्र एकट्यादुकट्याला कामे करत करत शिखरापर्यंत चढण्याची वाट मोकळी करून दिली. फक्त शिखरावर पोचल्यावर तिथे 40 जणांची टोळी जमवल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही, असा फलक लावून ठेवला होता.

हे दार म्हणजेच माझे दुखणे. अरण्य एकट्याचे, नदी एकट्याची, पण कथेतला दुष्ट राजा ज्या भुयारात दडून बसतो ते डंजन मात्र पाच जणांचे. पाचांची वाटणी ठरलेली : घाव झेलणारा एक टँक, जखमा भरणारा एक हीलर आणि मारा करणारे तीन डीपीएस. ही व्यवस्था आपल्याकडच्या कोणत्याही लग्नघरात डोळे मिटून ओळखता येईल. टँक म्हणजे वधूपिता. आलेल्या प्रत्येक आपत्तीने त्याच्याकडेच वळावे आणि त्याने ती हसतमुखाने अंगावर घ्यावी, एवढेच त्याचे काम. हीलर म्हणजे स्वयंपाकघरात उभी असलेली मावशी. ती आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ती दोन मिनिटे खाली बसली की सारा मांडव कोसळतो. उरलेले तिघे म्हणजे मित्रमंडळी. कार्य आपल्यामुळेच पार पडले, अशी तिघांचीही खात्री असते. टँक आणि हीलर व्हायला कोणी सहसा राजी नसल्यामुळे मित्रमंडळींना तासभरही रांगेत उभे राहावे लागते. रांगेला कंटाळून मी एकदा, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचेच, टँक म्हणून नाव दिले. चाळीस सेकंदांत बोलावणे आले.

त्या भुयाराच्या तोंडाशी एक म्हातारा द्वारपाल होता आणि तो आपल्या मेलेल्या मुलाची हकिगत सांगत होता. मी ती वाचू लागलो. तिसऱ्या ओळीला चॅटमध्ये 'गो' असे आले, चौथ्या ओळीला 'गो गो गो'. मुलाचे पुढे काय झाले हे आजही मला ठाऊक नाही. मी धावत सुटलो, कारण टँकने पुढे असावे लागते, आणि वाट ठाऊक नसल्यामुळे सर्वांना घेऊन मी एका कोठारात शिरलो, जिथे शिरायचे नसते हे जगातल्या सर्वांना माहीत होते. त्यातच खेळ चालवणारा सर्व्हर युरोपात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो हे खरे, पण त्यालाही नाशिकहून समुद्राखालून, वाटेतली स्थानके घेत जाऊन परत यावे लागते, आणि त्यात सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा सहज निघून जातो. ढाल मी वेळेवरच उचलत होतो. ती तिकडे घाव बसल्यावर पोचत होती. तरीही कसेबसे आम्ही राजाच्या दालनापर्यंत आलो, राजाने परशू उगारला, आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, गच्चीचं दार लावलंस का? मांजर आलंय वाटतं."

आईला 'आलो, एक मिनिट' म्हणता येते, पण ती पुन्हा हाक मारणार नाही याची हमी नसते; आणि ऑनलाइन खेळ थांबवून ठेवण्याचे बटण अद्याप कोणी काढलेले नाही. मी गेलो. मांजर नव्हते, वाऱ्याने बादली पडली होती. परत येऊन पाहतो तो पाचही जण आडवे पडले होते, राजा उभा होता, आणि पडद्यावर मतदान चालू होते. चार विरुद्ध शून्य अशा मतांनी मला भुयाराबाहेर काढण्यात आले. सोसायटीच्या एकाही ठरावाला इतके एकमत मी कधी पाहिलेले नाही.

एका सहृदय खेळाडूने सल्ला दिला की अनोळखी लोकांबरोबर असेच व्हायचे, तुम्ही एखाद्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या मंडळात, जा. मी गेलो. पहिल्याच दिवशी नियमावली हाती पडली : शनिवारी रात्री नऊला रेड, म्हणजे सर्वांनी मिळून करायची मोठी स्वारी, हजेरी सक्तीची, न येणाऱ्याने दोन दिवस आधी कारण कळवावे, आणि दर आठवड्याला गिल्डच्या बँकेत शंभर सोन्याची नाणी जमा करावीत. भिशी, सोसायटी आणि कारखान्यातला सुरक्षा सप्ताह यांतून पळून आलेला मी पुन्हा तिथेच येऊन पोचलो होतो, फरक इतकाच की इथल्या चेअरमनला शिंगे होती. आपल्याकडे सरकारी घोड्यावर बसणाऱ्याला बारगीर म्हणत आणि स्वतःचे घोडे घेऊन येणाऱ्याला शिलेदार. गिल्डने मला एक घोडा खरोखरच भेट दिला होता. मध्यरात्री दोन वाजता, सर्व निजल्याची खात्री करून, मी तो गिल्डच्या तबेल्यात परत बांधला आणि राजीनाम्याचे बटण दाबले. माझे नाव आणि 'गिल्ड सोडून गेला' ही बातमी त्याच क्षणी पिवळ्या अक्षरांत सर्वांच्या पडद्यावर गेली. जागे असलेल्या अकरा जणांनी ती वाचली.

आमच्यासारख्यांची संख्या कमी नसावी, कारण खेळ करणाऱ्यांनीही पुढे आमच्यापुढे हात टेकले. रूनस्केप या अशाच एका खेळाने 2014 मध्ये आयर्नमॅन नावाचा प्रकार आणला. त्यात इतर खेळाडूंशी देवघेव करायलाच मनाई असते, म्हणजे जे मी संकोचापायी करत होतो ते तिथे व्रत म्हणून करतात. फायनल फँटसी फोर्टीनने 2019 मध्ये भुयारात बरोबर येणारे संगणकी सोबती दिले आणि 2024 च्या जानेवारीत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनेही तेच केले. या सोबत्यांचे गुण काय वर्णावेत! मी द्वारपालाची हकिगत वाचतो तोवर ते उभे राहतात. मी चुकीच्या कोठारात शिरलो तर तेही शिरतात, आणि तिथे माझ्याबरोबर निमूटपणे मरतात. सुमारे दहा दिवस मी या रामराज्यात राहिलो. अकराव्या दिवशी राजा पडला, सोबत्यांपैकी एकीने "शाब्बास, वीरा" असे म्हटले, आणि हेच वाक्य तिने याच सुरात कालही, परवाही म्हटले होते हे आठवून मला पुन्हा ते मंगल कार्यालय दिसू लागले.

तेव्हा मुलीच्या प्रश्नाला मी मनातल्या मनात एक उत्तर जुळवले. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात. तिवंधा चौकातल्या रहाडीत लोक धप्पा मारतात, रंगाचे पाणी पुरुषभर उसळते. मी दर वर्षी तिथे जातो. चाळीस वर्षांत मी एकदाही उडी मारलेली नाही. चष्मा खिशात घालून काठाला उभा राहतो आणि अंगावर जेवढे उडेल तेवढे उडू देतो. पण त्या दिवशी घरी बस म्हटले तर मला बसवणार नाही. 2006 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या खेळाडूंची हालचाल मोजून असेच काहीसे लिहिले होते : पुष्कळ जण एकटेच खेळतात, मात्र भोवतीची माणसे त्यांना प्रेक्षक म्हणून, देखावा म्हणून, वावराची खूण म्हणून हवी असतात. त्या संशोधकांना मी रहाडीच्या काठावर उभे राहायला जागा करून दिली असती. बार्टलने 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले, कमावणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि इतरांना मारणारे. पाचव्या काठावाल्यांची नोंद त्याच्याकडून राहून गेली, असे माझे नम्र मत आहे.

माझ्या मते अनोळखी माणसांतला सर्वोत्तम संबंध रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर पाहायला मिळतो. समोर कोण बसले आहे हे आपल्याला माहीत नसते. आपला रस्सा संपलेला पाहून तो स्वतःकडची वाटी पुढे सरकवतो, आपण कांद्याची बशी त्याच्याकडे सरकवतो, कोणी नाव विचारत नाही. खेळातही हे क्वचित घडते. मागच्या महिन्यात एका दलदलीत तीन मगरींनी मला घेरले असताना कुठून तरी हिरवा प्रकाश पडला आणि माझा जीव भरून आला. मागे लांब टोपीची एक आकृती उभी होती. मी हात हलवला, तिने हलवला, आणि ती तळ्याकडे जाऊन मासे धरू लागली.

दुसऱ्या रात्री मीही गळ घेऊन गेलो. मग रोज जाऊ लागलो. चाळीस-चाळीस मिनिटे आम्ही शेजारी उभे राहतो; कधी त्या टोपीवाल्याला मोठा मासा लागतो, कधी मला. गेल्या मंगळवारी मात्र अघटित घडले. पडद्याच्या मधोमध चौकट उगवली : लांब टोपीवाल्याने पार्टीत बोलावले होते. नकार दाबवेना, स्वीकार तर त्याहून दाबवेना. चौकट मिनिटभर तशीच राहिली आणि आपोआप विझली. बुधवारी पाहतो तो टोपीवाला आमच्या जागी नव्हता. तो तळ्याच्या समोरच्या काठावर उभा होता. मी भीत भीत हात हलवला. थोड्या वेळाने, बहुधा त्याचेही सर्व्हरपासूनचे अंतर बरेच असावे, त्यानेही हलवला.

पाणी प्यायला उठलेली बायको मागे उभी राहून हे पाहत होती.

"कोण आहेत हो ते? ओळखीचे आहेत का?"

"नाही," मी म्हणालो, "रोजचे आहेत."