मणक्यातलं डोपामाइन: अर्धीच गोष्ट

डोपामाइन (चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन) मज्जारज्जूत वेदना दाबतं, असं या विषयावरच्या लेखात सरसकट म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या, डोपामाइन बनवणाऱ्या ए-११ नावाच्या गटातल्या मोजक्या पेशी लांबलचक तंतू थेट खाली मज्जारज्जूत पाठवतात, इथपर्यंत ठीक. पण परिणाम ठरतो रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर डोपामाइन जिथे चिकटतं त्या ग्राहकावर! त्यातले डी-२, डी-३ हे प्रकार पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत संदेश पोचवणारा रेणू) घटवून तिला शांत करतात. डी-१, डी-५ ते वाढवून उलट चेतवतात. कमी डोपामाइन असेल तर आधी पहिल्या जोडीचीच चलती, कारण त्यांची डोपामाइनवरची पकड घट्ट. रात्री पाय अस्वस्थ होणाऱ्या आजारात प्रॅमिपेक्सोलसारखी, डोपामाइनची नक्कल करणारी औषधं सुरुवातीला गुण देतात आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींचा त्रास उलट वाढतो, तो का? प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून डी-१ वर संशय आहे. लेखात यावर एक ओळही नसावी?