‘शेलमध्ये होतंय ते सीमध्ये कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

किंडलमधले प्रोग्राम ‘लिपक’ या लायब्ररीमार्फत एकमेकांना प्रश्न विचारतात, निरोप धाडतात. तिला सी प्रोग्राममधून हाक मारण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: एक, शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालणाऱ्या ‘लिपक-गेट-प्रॉप’सारख्या तयार कमांड असताना सी कशाला, दोन, हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी) अंदाजाने लिहिलेली आहे, तीन, लेखातला प्रोग्राम तुमच्या मुलुंडच्या घरातल्या किंडलवर ‘नॉट फाउंड’ म्हणतो. जुनं किंडल भिंतीवर लावून त्यावर समुद्राच्या भरतीच्या वेळा दाखवायचा तुमचा बेत आहे. पावसाळ्यात मुंबईकराला याहून उपयोगी पाटी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करू. फाइल समोर दिसत असताना शेल ‘नॉट फाउंड’ म्हणतं, तेव्हा सापडत नसतो तो लोडर, म्हणजे प्रोग्राम मेमरीत चढवून सुरू करणारा घटक. ५.१६.३ या फर्मवेअरपासून (किंडलच्या आतल्या सॉफ्टवेअरपासून) किंडल हार्ड-फ्लोटवर, म्हणजे फंक्शनांना दशांश आकडे देण्याच्या वेगळ्या पद्धतीवर, गेलं. जुन्या सॉफ्ट-फ्लोट टूलचेनने (प्रोग्राम बांधायच्या साधनसंचाने) बांधलेला प्रोग्राम ‘एलडी-लिनक्स.एसओ.३’ मागतो, नव्या फर्मवेअरवर लोडर ‘एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३’ असतो. कॉम्प्युटरवर ‘रीडएल्फ’ला छोट्या ‘एल’चा पर्याय देऊन फाइल तपासा, इंटरप्रीटरच्या ओळीत काय मागितलंय ते कळेल. नव्या फर्मवेअरसाठी ‘किंडलएचएफ’ टूलचेन घ्या आणि लिंक करायला ‘लिबलिपक.एसओ’ त्याच किंडलवरून उतरवून घ्या, दुसऱ्याच्या मशीनवरची नको. हे फर्मवेअर-आवृत्तीचं बंधन लेखात ठळक लिहायला हवं होतं. ती चूक माझी, आजच दुरुस्त करतो.

आता सी कशाला ते. नुसती बॅटरी एकदा विचारायची असेल तर शेलच वापरा, वाद नाही. घटनांची वाट पाहायलाही ‘लिपक-वेट-इव्हेंट’ आहे. पण पाटी रंगवणारा प्रोग्राम सीमध्येच असेल आणि तो ‘पीओपन’ने कमांड चालवून तिच्या मजकुरातला आकडा ‘एटूआय’मधून काढत असेल, तर गडबड होते. कमांड फसली की आउटपुट रिकामं येतं, ‘एटूआय’ त्याचा शून्य करतं आणि पाटीवर बॅटरी ०% झळकते. ‘लिपकगेटइंटप्रॉपर्टी’ किंमत पॉइंटरमधून देते आणि यश-अपयशाचा कोड वेगळा परत करते. शून्य टक्के आणि ‘उत्तरच मिळालं नाही’ यांतला फरक तिथे शाबूत राहतो. मला हे कारण वेगापेक्षा मोठं वाटतं.

दुसरं कारण असं की ‘लिपकओपन’ला स्वतःचं नाव देऊन आणि ‘लिपकरजिस्टरइंटप्रॉपर्टी’ वापरून तुमचा प्रोग्रामच सेवा बनतो. मग बाहेरून साध्या ‘लिपक-सेट-प्रॉप’ने त्याला ‘पाटी पुन्हा रंगव’ असं सांगता येतं. तयार कमांड फक्त विचारतात आणि सांगतात, स्वतः सेवा होऊन बसत नाहीत. नुसतं विचारायचं असेल तर ‘लिपकओपननोनेम’ पुरतं.

हेडरबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. अ‍ॅमेझॉनने ते प्रसिद्ध केलेलं नाही; ‘ओपनलिपक’ हे वापरणाऱ्यांनी लायब्ररी उलगडून लिहिलेलं आहे. ‘डीएलओपन’ने लायब्ररी उघडून ‘डीएलसिम’ने फंक्शन शोधली तर एखादं फंक्शन गायब झालेलं सुरुवातीलाच कळतं. त्याचे पॅरामीटर बदलले असतील तर मात्र तेही कळणार नाही. म्हणून फर्मवेअर बदललं की आधी ‘लिपक-प्रोब’ला ‘व्ही’चा पर्याय देऊन ‘कॉम.लॅब१२६.पॉवरडी’ या वीज सांभाळणाऱ्या सेवेच्या प्रॉपर्टी आणि त्यांचे प्रकार पाहा, मग ‘बॅटलेव्हल’ वाचून तो आकडा कमांडच्या उत्तराशी ताडा. स्ट्रिंग प्रॉपर्टी वाचलीत तर ती ‘लिपकफ्रीस्ट्रिंग’ने सोडा. नाहीतर महिनोन्‌महिने चालणाऱ्या पाटीत मेमरीची गळती साचत जाते.

तुमच्या पाटीचं खरं दुखणं झोपेत आहे. पुढच्या भरतीआधी किंडलला जागं करायचं तर ‘आरटीसीवेकअप’मध्ये सेकंद भरावे लागतात, आणि पॉवरडी ते ‘रेडीटूसस्पेंड’, म्हणजे झोपण्याच्या तयारीच्या, अवस्थेतच स्वीकारतो. आधी भरले तर नकार, उशीर झाला तर किंडल झोपलेलं. तेव्हा ‘लिपकसबस्क्राइबएक्स्ट’ने त्या घटनेवर कॉलबॅक (घटना घडली की आपोआप चालणारं फंक्शन) लावा. कॉलबॅक वेगळ्या थ्रेडमध्ये येतो. त्यात चित्र काढत बसू नका, पाइपमध्ये एक बाइट टाका आणि परता. मुख्य लूपने तो वाचताच सर्वात आधी गजर लावावा आणि परतलेला कोड तपासावा. स्क्रीन रंगवण्याचं काम जाग आल्यावर करा, कारण ई-इंकचं पूर्ण रिफ्रेश या काही सेकंदांच्या खिडकीतला वेळ खातं.

गजर नेमका भरतीच्या मिनिटाचा लावू नका. साडेचार मीटरच्या भरतीत जोराचा पाऊस असेल तर दादरच्या सखल हिंदमाताला पाणी भरायला भरतीचा क्षण यावा लागत नाही. पाटी निदान २ तास आधी जागी झालेली हवी.