पऱ्हाटीची तीन पानं

राजेहो, विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळावर, नवं पान उघडायच्या आधी शोधखिडकीत एकदा नाव टाकून पाहायला काय जातं? 'कापूस', 'कपाशी', 'पऱ्हाटी' अशी एकाच पिकाची तीन पानं झाली. एकावर किडीसाठी फवारायचा निंबोळी अर्क बरोबर लिहिलाय: 5 किलो निंबोळी भुकटी रात्रभर भिजवायची, गाळायची, एकूण 100 लिटर पाणी करायचं, म्हणजे 5 टक्के. दुसऱ्यावर नुसतं 'अंदाजे टाका'. अंदाजे काय, डोंबल?

मुख्य पान एकच ठेवा. बाकी दोन्हींवर '#पुनर्निर्देशन [[कापूस]]' एवढी ओळ बस झाली, म्हणजे ते नाव टाकलं की सरळ मुख्य पानच उघडतं. त्यातही 'पऱ्हाटी'तला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी ऱ वापरतं, कोणी र आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला सारखंच, विकीला दोन निराळी शीर्षकं. म्हणून दोन्ही वळवावी लागतात.

अन् वहीच्या पानाचा फोटो काहून डकवता बावा? फोटोतली अक्षरं शोधात सापडत नाहीत. चार ओळी टाइप करा ना! बदलाचा सारांश, म्हणजे काय बदललं ते सांगायची ओळ, रिकामा, हंगाम नाही, जमीन काळी की बरड तेही नाही. मग ग्रुपवर पुन्हा तेच: "भाऊ, फवारणीच्या पंपाला किती टाकू?"