एका हाताची गाडी

विकणारा म्हणाला, "शेठ, एका हाताची गाडी आहे," आणि मी नकळत त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही शाबूत होते. एकात चहाचा कागदी कप, दुसऱ्यात दोन मोबाइल. माझ्याबरोबर आलेल्या गॅरेजवाल्या वस्तादाने मात्र त्याच्याकडे ढुंकूनही न बघता खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि तो डंपरच्या केबिनच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. त्या नाण्याकडे मी येतोच. आधी, आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरं पास करणारा माझ्यासारखा अकाउंटवाला माणूस सोलापूर रस्त्याच्या एका यार्डात भर उन्हात डंपर बघत का उभा होता, ते सांगायला हवं.

भोसरीतली आमची कंपनी बंद पडली आणि हिशेबाचे पैसे हातात आले. ते बँकेत ठेवून व्याजावर भागवावं, असं माझं म्हणणं होतं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पैसा बसवून ठेवायचा नसतो. त्याला चाकं लावायची." त्याने दहा चाकं सुचवली. आम्ही धायरीला राहतो. सकाळी खिडकी उघडली की एक बिल्डिंग पाडलेली आणि दोन उभ्या राहत असलेल्या दिसतात. पाडणाऱ्याला राडारोडा न्यायला डंपर लागतो, बांधणाऱ्याला खडी आणायला डंपर लागतो. "म्हणजे जातानाही भाडं, येतानाही भाडं," मेव्हणा म्हणाला. तो स्वतः नेमकं काय करतो हे मला लग्नाला एकवीस वर्षं होऊनही कळलेलं नाही, पण जगातल्या प्रत्येक धंद्यातला नफा त्याला तोंडपाठ आहे. तोटा विचारला की त्याला फोन येतो.

रात्री मी लॅपटॉप उघडून कोष्टक मांडलं. या धंद्यात सगळं ब्रासमध्ये बोलतात. मुरूम असो, खडी असो, क्रश सँड असो, 100 घनफूट म्हणजे एक ब्रास. दहा चाकी गाडीत पाच ब्रास माल बसतो, असं मेव्हण्याने सांगितलं होतं. पाच ब्रास, दिवसाला चार खेपा, महिन्याचे सव्वीस दिवस. डिझेल वजा, ड्रायव्हर वजा, "इतर" म्हणून पाच हजार वजा. मी खाली बघितलं तर दिवाळीपर्यंत माझे दोन डंपर झाले होते आणि पुढच्या पाडव्याला चार. झोपताना बायकोला म्हटलं, पार्किंगचा प्रश्न येणार बहुतेक. तिला वाटलं मी स्कूटरबद्दल बोलतोय.

बाजारात उतरल्यावर पहिला शोध असा लागला, की मी ज्याला डंपर म्हणत होतो त्याला सगळे हायवा म्हणतात. हायवा हे मुळात गाडीचं नावच नाही. हौदा उचलणारा जॅक बनवणारी ती डच कंपनी. पण वनस्पती तुपाला डालडा म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी जॅकच्या नावाने अख्खी गाडी ओळखायला सुरुवात केली. दुसरा शोध आकड्यांचा. "पंचवीस अठरा बघा शेठ" हे वाक्य मी पहिल्या दिवशी नऊ वेळा ऐकलं आणि दर वेळी जाणकारासारखी मान हलवली. घरी येऊन मुलाला विचारलं तेव्हा कळलं, की टाटाच्या या आकड्यांतले 25 म्हणजे मालासकट गाडीचं एकूण वजन 25 टन आणि 18 म्हणजे 180 घोड्यांची ताकद. आम्ही बघितलेली गाडी 2012 सालची होती. घोडे 180 होते हे मान्य, त्यातले हयात किती हा प्रश्न होता.

आता नाणं.

वस्तादाने ते नाणं केबिनच्या दारावर, जिथे पांढऱ्या अक्षरांत "स्वामीकृपा" लिहिलं होतं, त्याच्या जरा खाली टेकवलं आणि पोळीच्या तव्यावरचं जळकं काढावं तसं हलक्या हाताने खरवडायला लागला. वरचा निळा रंग निघाला. खाली पिवळा लागला आणि त्यात एक लाल वेलांटी. आणखी खरवडल्यावर "आईचा आशीर्वाद" मधला "आशी" बाहेर आला. वस्ताद थांबला नाही. पिवळ्याच्या खाली हिरवा होता, आणि हिरव्यात गोल, लाडिक अक्षरांत "सोनू". शेजारी थोडी जागा सोडून बहुधा मोनू असावा, पण तिथवर नाणं पोचायच्या आत विकणारा मध्ये पडला.

"रंग बदलला होता हो. मालकाला साडेसाती होती."

वस्ताद नाणं पँटला पुसत मला म्हणाला, "साहेब, गाडी एका हाताचीच आहे. फक्त हात बदलत गेलेत."

मी मोबाइलवर सरकारी ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला. मालक क्रमांकापुढे 4 होतं. रंगांचे थर तीनच निघाले होते, म्हणजे एकाने रंगाचाही खर्च न करता ती पुढे ढकलली असणार. त्या माणसाचा सल्ला मेव्हण्याआधी घ्यायला हवा होता.

वस्ताद काम करताना बघणं हा एक सोहळा असतो. त्याने आधी इंजिनला हात लावला आणि तो तिथेच ठेवून विकणाऱ्याकडे नुसतं बघितलं. इंजिन कोमट होतं. "बघायला येतोय म्हणून सांगितलंत ना फोनवर?" त्याने मला विचारलं. मी शिष्टाचार म्हणून वेळसुद्धा सांगितली होती. जुनी गाडी थंड असताना कशी उठते तेच बघायचं असतं, आणि विकणारा तिला आधीच उठवून, दात घासून बसवून ठेवतो. मग गेज काढून ऑइल बोटांत चोळून झालं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून धूर भकभक करत बाहेर आला, आणि वस्ताद "हुक्का पितीय" एवढंच म्हणाला. मग तो चासीखाली आडवा झाला. चासीला मारलेला नवा काळा कुळकुळीत रंग मला फार आवडला होता. तसं मी बोललोही. खालून आवाज आला, "त्याच्याच खाली वेल्डिंग असतंय साहेब." शोधल्यावर ते एका ठिकाणी मिळालं. अकरा टायरांपैकी पाच रिमोल्ड, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले निघाले. अकरावा म्हणजे स्टेपनी, आणि तिला टायर म्हणणं हा मोठेपणा होता.

हौदा उचलून बघताना मात्र मी भारावलो. क्लच दाबला, पीटीओचा खटका ओढला, गिअरबॉक्सची ताकद पंपाकडे गेली, पंपाने जॅकमध्ये तेल ढकललं आणि एवढं लोखंडाचं धूड कुरकुरत, थांबत, एखादे आजोबा आरामखुर्चीतून उठावेत तसं उभं राहिलं. फाळका उघडला. आतून मूठभर कच, एक थापी आणि डाव्या पायाची रबरी चप्पल खाली पडली. वस्तादाने घड्याळ लावलं. दहा मिनिटं हौदा वर धरून ठेवायचा, तेल गळत असेल तर तो आपोआप खाली सरकतो. मी खालून वाकून बघायला गेलो, तर त्याने माझी कॉलर धरून मागे ओढलं. टेकू लावल्याशिवाय उचललेल्या हौद्याखाली डोकं घालायचं नाही, हे त्याने ज्या शब्दांत सांगितलं ते इथे लिहिता येणार नाहीत. हौदा चार बोटं सरकला. विकणारा म्हणाला, वाऱ्याने.

मी घरून टेप नेली होती. अकाउंटवाल्याचा स्वभाव. हौदा आतून 14 फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि 4 फूट उंच भरला. गुणाकार 420, म्हणजे 4.2 ब्रास.

"तुम्ही पाच म्हणालात," मी म्हटलं.

"वर शीग धरा की शेठ."

गाडीवर शीग लावायची तर आरसी आड येत होती. एकूण वजन 25 टन, त्यात रिकामी गाडीच 10 टनांच्या आसपास. एक ब्रास खडी साधारण सव्वाचार टन भरते. म्हणजे कायद्याने साडेतीन ब्रास. विकणाऱ्याचे पाच, टेपचे सव्वाचार आणि आरसीचे साडेतीन. माझ्या कोष्टकातला दुसरा डंपर तिथेच, त्या यार्डातच, दिवाळीवरून शिमग्यावर गेला.

एवढं सगळं बघितल्यावर कुठलाही शहाणा माणूस घरी गेला असता. मीही निघालोच होतो. पण विकणारा साडेआठ लाखांवरून पावणेआठवर आला, आणि आयुष्यात कुणी माझ्यासाठी पाऊण लाख सोडण्याची ती पहिलीच वेळ होती. माणूस भाजीवाल्याने फुकट घातलेल्या कोथिंबिरीला भुलतो, ही तर दहा चाकी कोथिंबीर. मी अकरा हजार विसार देऊन टाकला. वस्ताद म्हणाला, "चालवताना कळेल." कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

कागदांची गंमत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. गाडी नावावर करायला फॉर्म 29, फॉर्म 30, फायनान्सचा बोजा उतरवायला फॉर्म 35. विकणाऱ्याने आरटीओला 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा उठवायचा. शाळेत नाण्यावर कागद ठेवून असाच सिंह उमटवायचो, तेव्हा मजा यायची. इथे चासीखाली पडून ठसा घेताना तोंडात ग्रीस गेलं. जुनी ऑनलाइन चलनंही निघाली. ती कुणी भरायची यावर फोनवर चर्चा होत राहिली, आणि शेवटी चर्चेचं बिल चलनांपेक्षा जास्त होईल म्हणून मीच भरली. ती सोनू-मोनूसारखी गाडीबरोबरच आली होती.

पण पासिंग सांगायलाच हवं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, आणि आमचं पंधरा दिवसांत संपत होतं. पुण्यात त्यासाठी दिव्याला जायचं. दिवे घाट चढून. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच संपते. आषाढात माउलींची पालखी ज्या घाटातून टाळमृदंगाच्या गजरात वर जाते, त्याच घाटात आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वाफेच्या गजरात निघाली. मागे पन्नास गाड्यांची दिंडी. दोनदा थांबून रेडिएटरला पाणी पाजलं. डंपरला स्पीड गव्हर्नर लागतो, 60च्या वर जाता येऊ नये म्हणून. सपाटीवरही आमच्या गाडीने 45 ओलांडले नव्हते, त्यामुळे कायदा तिच्या अंगातच मुरलेला होता. पास झाली. वस्ताद म्हणाला, "ब्रेक कालच केलेत, म्हणून." त्याचं बिल वेगळं.

मग ड्रायव्हर. गाडी माझी, पण माझं लायसन्स साडेसात टनांच्या आतलं, म्हणजे स्वतःच्या गाडीत मला फक्त क्लीनर म्हणून बसायचा अधिकार. मुलाखतीला आलेल्या गृहस्थाने माझीच मुलाखत घेतली. केबिनमध्ये पंखा आहे का? गाणी वाजतात का? रिव्हर्स पडतो का पाडावा लागतो? शेवटी त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि "बघू मालक, आठ दिवस" म्हणाला. यार्डात मी शेठ होतो, गॅरेजमध्ये साहेब, आता मालक झालो. प्रत्येक बढतीला पैसे मलाच मोजावे लागले.

आणि त्या रोजच्या चार खेपा? शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी, त्यामुळे दिवस सुरू व्हायचा तेव्हा आमचा संपलेला असायचा. पहिली खेप धायरीतल्या पाडलेल्या बिल्डिंगच्या राडारोड्याची, वाघोलीला महापालिकेच्या प्रकल्पावर टाकायची. रात्री निघालेली गाडी सकाळी परत आली. येताना वाघोलीतून खडी आणून दोन्हीकडचं भाडं कमवायचं होतं, तर खडीसाठी महाखनिज या सरकारी पोर्टलवर गाडीची नोंद हवी, जीपीएस हवं, रॉयल्टीचा पास हवा. ते नव्हतं. म्हणून येताना आमच्या गाडीने धायरीपर्यंत नुसती हवा आणली, साधारण 4.2 ब्रास. कोष्टकात आता "इतर" नावाचे तीन रकाने आहेत, आणि चौथ्याला मी सरळ "वस्ताद" असं नाव दिलंय.

दसऱ्याच्या आधी बायको पहिल्यांदा गाडी नीट बघायला आली. सोसायटीच्या अध्यक्षांनी आत उभी करायला बंदी घातल्यामुळे ती नाल्याकडेच्या मोकळ्या जागेत असते. तिने झेंडूच्या माळेचं माप घेतलं, केबिनच्या दाराशी आली आणि थबकली. निळ्यात पिवळं, पिवळ्यात हिरवं, आणि मधोमध, नाण्याने उघडं पाडलेलं ते नाव.

"अहो, हा सोनू कोण?"

मग पेंटर आला. तिने मुलाचं नाव सांगितलं, खाली "आईची कृपा" सांगितलं, कुणाच्या आईची ते नंतर ठरवू म्हणाली. पेंटरने डब्यात ब्रश ढवळत मला विचारलं, "मालक, आधीचं सगळं खरवडून काढू, का त्यावरच मारू? खरवडायचे दोन हजार जास्त होतील."

"त्यावरच मारा," मी म्हटलं.

मागे उभ्या असलेल्या वस्तादाच्या खिशात काहीतरी खुळखुळलं.